निमॅटोडचा बंदोबस्त: नाशिकच्या टोमॅटो, ढोबळी, डाळिंब आणि द्राक्षवाल्यांसाठी

दुपारी बारा-एकला टोमॅटोचा प्लॉट मान टाकतो, ड्रिप तर सकाळीच चालवलेलं असतं, बोटाने माती उकरली तर ओली लागते, आणि उन्हं कलली की झाडं परत ताठ. गिरणारे घ्या, मोहाडी घ्या, पिंपळगाव घ्या, सगळीकडे हे ओळखीचं आहे. मग दुकानात फोन जातो, दुकानदार म्हणतो मर (झाड वाळवणारा रोग) लागली असणार, बुरशीनाशकाची आळवणी द्या, म्हणजे पाण्यात कालवून बुंध्याशी ओता, आणि सोबत ह्युमिक सोडा म्हणजे पांढरी मुळी चालेल. आठ दिवस जरा हिरवं दिसतं आणि परत जैसे थे. अशा प्लॉटमध्ये फावडं मारून मूळ बघणारे फार कमी, आणि बघितलं की पुष्कळदा मुळावर गाठीच गाठी दिसतात. तो निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी.

आधीच सांगतो, उभ्या पिकात निमॅटोड दिसला की त्या हंगामापुरतं नुकसान थोडं कमी करता येतं, तो हटवता येत नाही. त्याला खरा दणका बसतो तो एक पीक निघाल्यापासून दुसरं लागेपर्यंतच्या दिवसांत, आणि आपण नेमके तेव्हाच गाफील असतो. त्यामुळे खालच्या पायऱ्या कॅलेंडरच्या हिशोबाने वाचा.

हा प्राणी करतो काय

आपल्याकडे जास्त त्रास देतो तो मूळगाठ सूत्रकृमी, शास्त्रीय नाव मेलॉइडोगायनी, त्यातही इन्कॉग्निटा आणि जावानिका या दोन जाती. १८५५ साली इंग्लंडमध्ये काचघरातल्या काकडीच्या मुळांवर पहिल्यांदा याच्या गाठींची नोंद झाली, म्हणजे पॉलिहाउसची काकडी आणि हा, यांचं जुनंच नातं आहे म्हणायचं. अंड्यातून निघालेलं पिल्लू अर्धा मिलिमीटरसुद्धा लांब नसतं, डोळ्याला दिसत नाही. ते मातीतल्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकत मुळाच्या टोकाशी येतं, आत घुसतं, आणि अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या जवळ जाऊन एका जागी ठाण मांडतं. तिथल्या चार-सहा पेशींमध्ये ते तोंडातल्या सुईने असा काही रस सोडतं की त्या पेशी फुगून राक्षसी होतात आणि झाडाचं अन्न खेचून याला पुरवत बसतात. आजूबाजूचा भाग सुजतो, तीच आपल्याला दिसणारी गाठ. नळ्या वेड्यावाकड्या होतात, पाणी वर चढत नाही, म्हणून दुपारचं मान टाकणं. खत टाकून उपयोग का होत नाही तेही यातच आलं, खत मातीत असतं पण उचलणारं मूळच धड नसतं.

मादी आत फुगून नासपतीसारखी होते आणि चिकट पिशवीत दोनशे ते पाचशे अंडी घालते, त्यासाठी बहुतेक वेळा नराची गरजही पडत नाही. जमिनीचं तापमान २५ ते २८ अंश असेल तर हे चक्र साधारण २५-३० दिवसांत पूर्ण होतं. म्हणजे टोमॅटोचं पीक चार-साडेचार महिने उभं राहिलं तर चार पिढ्या सहज होतात. निफाडला पारा एक आकड्यात जातो तेव्हा याचाही वेग मंदावतो, पण मरत नाही.

आणि एक, मुळाला जिथे जिथे हा भोकं पाडतो तिथून फ्युजेरियमसारख्या बुरशीला आणि मर आणणाऱ्या जिवाणूला वाट मोकळी होते. म्हणून दुकानदार "मर" म्हणतो ते पूर्ण खोटंही नसतं, फक्त दार कोणी उघडलं ते तो सांगत नाही. मररोधक वाणसुद्धा निमॅटोडच्या जमिनीत मरताना दिसतो तो याचमुळे.

पायरी १: फावडं मारा आणि मोजा

प्लॉटमध्ये पिवळे-खुजे पट्टे कुठे आहेत ते बघा. निमॅटोड एकसारखा पसरत नाही, ठिगळाठिगळात असतो, आणि ठिगळं बहुतेक वेळा नांगर किंवा रोटाव्हेटर ज्या दिशेने चालला त्या दिशेने लांबट होत जातात. ठिगळाच्या कडेची झाडं काढा, मधली अगदी मेलेली काढू नका कारण तिथे मूळ कुजून गेलेलं असतं. झाड हिसकून उपटायचं नाही, बारीक मुळं तुटून मातीत राहतात आणि गाठी त्यांच्यावरच असतात. फावड्याने वीतभर लांबून खोल उचला, बादलीत पाण्यात हलकेच हलवून धुवा आणि पांढऱ्या गोणीवर पसरा.

आता गाठी मोजा. यासाठी ० ते ५ अशी मोजपट्टी वापरतात: एकही गाठ नाही तर ०, एक-दोन गाठी १, तीन ते दहा २, अकरा ते तीस ३, एकतीस ते शंभर ४, आणि शंभरच्या वर ५. प्लॉटच्या वेगवेगळ्या भागातली दहा-बारा झाडं बघा आणि गटवार आकडा वहीत लिहून ठेवा. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे शेवटचा तोडा झाल्यावर, तेव्हा झाड जाणारच असतं आणि गाठीही पूर्ण वाढलेल्या असतात.

माझा हिशोब असा: ० किंवा १ आला तर चांगलं रोप, शेणखत आणि जैविक (उपयोगी बुरशी-जिवाणूंची पाकिटं) यावर भागतं. २-३ आला तर उन्हाळ्यात काहीतरी ठोस करावंच लागतं. ४-५ आला तर तिथे पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, भेंडी, ढोबळी, काकडी, कारली यातलं काही लावूच नका, भाव कितीही खुणावत असला तरी.

सोयाबीन, हरभरा असेल तर गल्लत करू नका. त्यांच्या मुळावरच्या रायझोबियमच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने टचकन निघतात आणि आतून गुलाबी असतात. निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती वेगळी निघत नाही.

पायरी २: मातीचा नमुना किंवा कुंडीची टेस्ट

सगळेच सूत्रकृमी गाठी करत नाहीत. रेनिफॉर्म आहे, मुळावर तपकिरी चट्टे पाडणारा लेजन आहे, त्यांच्यासाठी लॅबच हवी. नमुना घेताना जमीन वाफशावर असावी, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी, वरची दोन-तीन सेंटीमीटर कोरडी माती बाजूला सारायची, मुळांच्या कक्षेतून १५-२० सेंटीमीटर खोलपर्यंतची माती घ्यायची, नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणांहून. सगळी एकत्र करून अर्धा किलो माती आणि त्याच झाडांची मूठभर बारीक मुळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. पिशवी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका आणि माती वाळवूनही देऊ नका, लॅबमध्ये जिवंत सूत्रकृमी मोजतात, ते उन्हात मेले की रिपोर्ट एकदम स्वच्छ येतो आणि आपण खूश!

नेहमीच्या माती परीक्षणात, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाशवाल्या रिपोर्टात, हे येत नाही, ही वेगळी तपासणी आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमीवर काम चालतं, तिथे विचारा, नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. रिपोर्टात नुसता एकूण आकडा बघून घाबरू नका, मातीत जिवाणू-बुरशी खाऊन जगणारे उपयोगी सूत्रकृमीही भरपूर असतात, हुमणीसारख्या किडी मारणारेही असतात. पिकाला खाणारे कोणते आणि किती, तेच विचारायचं.

लॅबला जाणं होत नसेल तर घरची टेस्ट आहे. संशयित माती पाच-सहा कुंड्यांत भरा, आणि एका कुंडीत तीच माती पण पाणी घालून पातेल्यात चांगली तासभर वाफवून गार केलेली. सगळ्यात काकडीचं बी टाका. पाच-सहा आठवड्यांनी मुळं धुऊन बघा. वाफवलेल्या कुंडीतलं मूळ स्वच्छ आणि बाकीच्यांत गाठी, म्हणजे विषय संपला. थंडीत ही टेस्ट लांबते, फेब्रुवारीनंतर केलेली बरी.

पायरी ३: तोडा संपला की मूळ त्याच आठवड्यात बाहेर

हे काम फुकटाचं आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. आपल्याकडे काय होतं, शेवटचे तोडे झाले, भाव पडले, की प्लॉट सोडून दिला जातो, बांबू-तार-सुतळी काढायला मजूर मिळेपर्यंत महिना जातो. वरचं झाड वाळत असतं पण मूळ हिरवं असतं आणि आतल्या माद्या आरामात अंडी घालत असतात, एक अख्खी पिढी फुकट वाढते. नंतर रोटाव्हेटर मारला की त्या गाठी बारीक होऊन प्लॉटभर पेरल्या जातात. त्यामुळे आधी मुळासकट उपटून गोळा करा, उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच रोटाव्हेटर. ही मुळं उकिरड्यात टाकू नका, तेच शेणखत होऊन परत शेतात येतं.

तणांचंही तसंच. माठ, घोळ, कामोणी यांच्या मुळांवर हा मजेत जगतो. जमीन पडीक ठेवली म्हणता आणि बांधाला कामोणी माजलेली, तर ती पडीक नाहीच.

पायरी ४: एप्रिल-मे, म्हणजे आपलं खरं हत्यार

खोल नांगरट करा, दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. प्रत्येक वेळी खालची नवी माती उन्हाला लागते, पिल्लं सुकून मरतात. एकदाच नांगरून ढेकळं तशीच पावसापर्यंत ठेवली तर ढेकळाच्या आत सगळं सुखरूप राहतं.

त्याच्या पुढचं म्हणजे सोलरायझेशन, प्लास्टिकने जमीन तापवणं. लोक यात दोन ठिकाणी फसतात, एक म्हणजे मल्चिंगचा काळा किंवा सिल्व्हर पेपर वापरतात, आणि दुसरं म्हणजे कोरड्या जमिनीवर टाकतात. पेपर पारदर्शकच हवा, २५ ते ५० मायक्रॉनचा, कारण ऊन आत जाऊन मातीला लागलं पाहिजे. आणि माती ओली हवी कारण ओल्या मातीत उष्णता खोल उतरते आणि अंडी-पिल्लं सुप्तावस्थेतून बाहेर येतात, कोरड्यात ती टिकून राहतात.

क्रम असा: जमीन भुसभुशीत करा, काडीकचरा, दगड काढा नाहीतर पेपर फाटतो. शेणखत, निंबोळी पेंड द्यायची तर आत्ताच द्या. कोबी-फ्लॉवरचा पाला उपलब्ध असेल तर बारीक करून मातीत मिसळा, तो कुजताना जो उग्र वायू निघतो त्याने झाकलेल्या मातीत चांगली मदत होते. बेड पाडून घ्या, म्हणजे नंतर माती हलवावी लागणार नाही. भरपूर पाणी द्या, दुसऱ्या दिवशी वाफसा येता येता पेपर मातीला चिकटून ताणून टाका, कडा वीतभर चरात गाडून टाका, हवा आत खेळता कामा नये. भोक पडलं की चिकटपट्टी. चार ते सहा आठवडे ठेवा. वरचा थर पन्नास अंशांच्या आसपास जातो, हात लावून बघा, लगेच काढाल. पेपर काढल्यावर मात्र खोल नांगरट अजिबात नको, कारण परिणाम वरच्या १५-२० सेंटीमीटरलाच पक्का असतो, नांगरलात तर खालचे जिवंत वर आणाल.

एकरभर पेपर टाकायचा खर्च बघता सगळीकडे करा असं मी म्हणणार नाही. नर्सरीचे वाफे, पॉलिहाउसचे बेड आणि ४-५ आकडा आलेली ठिगळं, एवढ्यावर केलं तरी पैसे वसूल.

पायरी ५: पिकाची फेरपालट, आणि झेंडूचं खरं-खोटं

झेंडूच्या मुळात अल्फा-टरथिनाइल नावाचं द्रव्य असतं, पिल्लू झेंडूच्या मुळात शिरलं तरी तिथे त्याची वाढ होत नाही. पण टोमॅटोच्या कडेने झेंडूची एक ओळ लावून निमॅटोड जात नाही. ती ओळ फळ पोखरणाऱ्या अळीसाठी असते, पतंग झेंडूवर अंडी घालतो म्हणून. निमॅटोडसाठी झेंडूचं मूळ जिथे पोचेल तिथेच काम होतं, म्हणजे अख्ख्या प्लॉटमध्ये दाट झेंडू दोन-तीन महिने हवा. आपल्याकडे हे परवडतं कारण दसरा-दिवाळीला फुलांना मार्केट आहे. जूनअखेर-जुलैला लावा, फुलं काढा, मग झाडं बारीक करून जमिनीत गाडा.

ताग हे दुसरं चांगलं पीक, यावर मूळगाठवाला फारसा वाढत नाही, आणि फुलोऱ्यात गाडला की हिरवळीचं खतही होतं. तीळही चालतो. कांदा-लसणावर टोमॅटोच्या मानाने हा कमी वाढतो म्हणून फेरपालटीत ते ठेवायला हरकत नाही. टोमॅटोनंतर भेंडी, भेंडीनंतर काकडी ही मात्र फेरपालट नव्हे, एकाच पाहुण्याला रोज नवी भाजी वाढण्यासारखं आहे ते.

पायरी ६: रोप कुठून आणलं

स्वतःच्या पायाने सूत्रकृमी वर्षभरात जेमतेम मीटरभर सरकतो. मग तो गावभर कसा पोचला? आपण नेला. रोपाच्या मुळातून, भाड्याच्या ट्रॅक्टरच्या फाळाला लागलेल्या मातीतून, पावसाच्या वाहत्या पाण्यातून, आणि पॉलिहाउसवाल्यांनी ब्रासच्या हिशोबाने आणलेल्या लाल मातीतून. कोकोपीटच्या ट्रेमधलं रोप त्यामानाने सेफ, पण ट्रे जमिनीवर ठेवलेले असतील आणि मुळं खाली मातीत गेलेली असतील तर नाही. रोपं उतरवून घेताना प्रत्येक लॉटमधली चार-पाच रोपं पाण्यात धुऊन बघा, नर्सरीवाल्याला वाईट वाटलं तर वाटू द्या. डाळिंबाच्या गुटी कलमांच्या बाबतीत तर हे शंभर टक्के करा, पिशवीतली माती हाच मालेगाव-सटाणा-देवळ्याच्या बागांत निमॅटोड शिरायचा मोठा रस्ता आहे. गाठ दिसली तर कलमं परत, "औषध टाकून नीट होईल" हे ऐकायचं नाही, बाग दहा-पंधरा वर्षं सांभाळायची आहे.

टोमॅटोत प्रतिकारक वाण मिळतात, पाकिटावर किंवा कॅटलॉगमध्ये एम-आय, एम-जे, एम-ए अशी अक्षरं शोधा. त्यातलं एमआय जनुक रानटी टोमॅटोतून आलेलं आहे आणि चांगलं चालतं, फक्त जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर टिकून राहिलं की ते ढिलं पडतं. म्हणजे खरिपात भरवसा ठेवा, उन्हाळी लागवडीत पूर्ण भिस्त ठेवू नका. रानवांग्याच्या खुंटावरचं (म्हणजे खालचं मूळ रानवांग्याचं असलेलं) कलम रोप हा आणखी एक पर्याय, महाग आहे पण ४-५ आकड्याच्या जमिनीत टोमॅटो लावायचाच असेल तर विचार करावा.

पायरी ७: निंबोळी पेंड आणि जैविक, नीट पद्धतीने

जैविकाचं पाकीट आणून ड्रिपमधून सोडलं आणि "रिझल्ट नाही" म्हणून नाव ठेवलं, हे फार होतं. या बुरशी-जिवाणूंना मातीत जगायला खाणं लागतं. एक टन चांगलं कुजलेलं शेणखत सावलीत पसरा, त्यात ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास आणि पर्प्युरिओसिलियम, जी पूर्वी पॅसिलोमायसिस लिलासिनस नावाने मिळायची आणि अजूनही पुष्कळ पाकिटांवर तेच नाव असतं, ही तीनही दोन-दोन किलो मिसळा. सोबत पन्नासेक किलो निंबोळी पेंड. मूठ दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये एवढी ओल ठेवा, गोणपाटाने झाका, पाच-सात दिवसांनी एकदा उलथापालथ करा. पंधरा दिवसांत ढिगावर पांढरी-हिरवट वाढ दिसते आणि मातीसारखा वास येतो. वास घाण आला किंवा ढीग तापला तर शेणखत कच्चं होतं असं समजा. हे बेडमध्येच द्या, पॉलिहाउसला चौरस मीटरला साधारण दोन किलो, उघड्या शेतात लागवडीच्या ओळीत.

यातली पर्प्युरिओसिलियम ही अंड्यांवर वाढते, म्हणून तिचा परिणाम सावकाश, एक-दोन हंगामांनी दिसतो. ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास मुळाभोवती आधी जागा धरतात. कॉपर किंवा कार्बेन्डाझिमची आळवणी लगेच मागे-पुढे करू नका, आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर पैसे पाण्यात.

निंबोळी पेंड वेगळी द्यायची तर एकरी दोनशे ते चारशे किलो, लागवडीच्या किमान दोन आठवडे आधी, आणि वरून पाणी. पेंड तेल काढून अगदी कोरडी केलेली नको, हातात घेतली की कडू वास आलाच पाहिजे. जीवामृत-स्लरी जमिनीला चांगलीच, पण तेवढ्याने ४ आकड्याचा प्लॉट २ वर येतो असं मला वाटत नाही.

लागवडीनंतरचे पहिले पाच-सहा आठवडे सांभाळले की निम्मं जिंकलं. लहान रोपाला थोड्या पिल्लांनीही झटका बसतो, मोठ्या मुळाचं झाड तेवढ्यांना पचवून माल देतं.

रासायनिक औषधांबद्दल

फोरेट मागायला जाऊ नका, त्याच्या विक्री-वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, कोणी मागच्या दाराने देत असेल तरी घेऊ नका. हल्ली फ्लूओपायरम, फ्लुएन्सल्फोन अशी नवी औषधं मिळतात आणि वेळेवर दिली तर लागवडीच्या सुरुवातीच्या काळात मुळाला चांगलं संरक्षण मिळतं. पण लेबलवर आपलं पीक आहे का, डोस किती, तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे वाचूनच. उभं पीक तीन महिन्यांचं झाल्यावर, गाठी भरलेल्या असताना हे ओतणं म्हणजे दुकानदाराची दिवाळी. आतल्या मादीला त्याचा फारसा फरक पडत नाही, आणि आधीच झालेली गाठ काही परत सपाट होत नाही.

उभ्या पिकात मग करायचं काय? पाणी कमी-कमी पण वारंवार द्या, विद्राव्य खतं थोडी-थोडी विभागून, बुंध्याला भर द्या म्हणजे वरून नवी मुळं फुटतात, फळांचा बोजा जरा कमी. बस.

बागवाल्यांसाठी

डाळिंबात खोडाभोवती पसरलेल्या बारीक मुळांवर गाठी बघा, आणि त्या बागेत मरही दिसत असेल तर दोन्ही एकत्र धरा. बहार धरण्याआधी झाडाला दोन किलो निंबोळी पेंड आणि वर सांगितलेलं समृद्ध शेणखत ड्रिपरखाली द्या, आळ्यात झेंडू लावा. मेलेलं झाड काढलं की खड्ड्यातली मुळं वेचून काढा, खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या, लगेच तिथेच नवं कलम नको.

द्राक्षात आपल्याकडे डॉगरीज खुंट आला तो मुख्यतः पाण्याची टंचाई आणि क्षार यासाठी, पण तो मूळगाठ सूत्रकृमीलाही बऱ्यापैकी दाद देत नाही. स्वतःच्या मुळावरच्या जुन्या बागा असतील तर त्यांची तपासणी आधी करा. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, पांढरी मुळी फुटते, त्या वेळी बोदात (वेलीच्या ओळीतल्या मातीच्या उंच वरंब्यात) जैविक-शेणखत दिलं तर ते नव्या मुळीच्या बरोबर जागेवर बसतं. जुनी बाग तोडून नवी लावताना निदान एक पावसाळा ताग किंवा झेंडू घ्या, जुनी मुळं जमिनीत दीर्घकाळ जिवंत राहतात आणि त्यांच्यावर हे पोसले जातात. नवी चारी जुन्या ओळीच्या मधोमध पाडा. आणि निर्यातीचा माल असेल तर बोदात कुठलंही औषध सोडायच्या आधी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची त्या वर्षीची यादी बघा, रेसिड्यूत (मालात उरलेल्या औषधाच्या अंशात) कंटेनर अडकला तर निमॅटोडने केलेलं नुकसान किरकोळ वाटेल.

पॉलिहाउसवाल्यांना वेगळं काय सांगू, ऊन-पावसाचा खंड नाही, वर्षभर यजमान पीक, जमीन कायम ओली-उबदार, निमॅटोडला याहून चांगलं घर मिळणार नाही. दारात चुन्याची ट्रे ठेवण्यापेक्षा आतली चप्पल आणि खुरपी वेगळी ठेवा, बाहेरची माती आत येऊ देऊ नका. दोन पिकांच्या मध्ये मे महिना रिकामा पडेल असं लागवडीचं गणित बसवा, पडदे बंद करून बेडवर पारदर्शक पेपर टाकला तर आत जी भट्टी पेटते ती उघड्या शेतात कधीच मिळत नाही. फक्त ड्रिपच्या लॅटरल आधी गुंडाळून घ्या, नाहीतर त्या वाकड्या होतात.